एका घासाला एक मिनिट

प्रिय,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. वजन उतरवण्यासाठी जठराला बँड बसवून घेतलास, त्या ऑपरेशनचं तू घरात दोघांनाच सांगितलं आहेस, आणि पत्रं टेबलावर उघडी पडून राहतात.

पाच आठवडे झाले, कडकडून भूक लागते, ताटभर जेवण सहज उतरतं, म्हणजे बँड सरकला की काय, असं तू विचारलंस. दुखत नाही, उलटी नाही, रात्री आंबट पाणी घशाशी येत नाही, असंही तूच लिहिलं आहेस. मग बहुतेक काहीही झालेलं नाही. सुरुवातीला भूक मेली होती ती ऑपरेशनची सूज होती म्हणून. आता सूज उतरली आणि तुझा बँड अजून जवळजवळ रिकामा आहे. बँडच्या आत द्रव भरून तो आवळतात. रिकामा बँड म्हणजे जठराच्या वरच्या टोकाभोवती सैल पडलेलं सिलिकॉनचं कडं, बाकी काही नाही. तो आपल्या जागी पक्का बसेपर्यंत मुद्दामच तसा ठेवतात. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं, हा क्रम त्याचसाठी असतो. या दिवसांत तुझ्यावर वजन उतरवायची जबाबदारी नाही, बरं व्हायची आहे. उलट्या होऊ द्यायच्या नाहीत आणि पोटाला तड लागेल इतकं खायचं नाही, एवढं सांभाळलंस तरी खूप झालं. तरी डॉक्टरांना फोन करून भुकेचं सांग. ते हसणार नाहीत, रोज हेच ऐकतात.

आता एक गैरसमज काढून टाकते, कारण माझी त्यात तीन वर्षं गेली. मला वाटायचं, बँडच्या वर छोटीशी पिशवी आहे, ती भरायची, आणि खालचं भोक बारीक असल्यामुळे अन्न तिथे अडून राहणार, मग पोट भरल्यासारखं वाटणार. बाटलीच्या गळ्याचं चित्र होतं डोक्यात. प्रत्यक्षात नीट भरलेल्या बँडमध्ये अन्न वर साचून राहायलाच नको. प्रत्येक घास अन्ननलिकेच्या दाबाने थोडाथोडा बँडमधून पिळला जातो. एका घासाला असे दोन ते सहा दाब लागतात आणि पूर्ण मिनिटही लागू शकतं. घास तिथून जाताना जठराच्या त्या वरच्या पट्टीवर ताण पडतो, आणि तिथल्या मज्जातंतूंमधून मेंदूला निरोप जातो की पुरे. तृप्ती येते ती या निरोपामुळे. पहिला घास अजून जातोय तोवर दुसरा, तिसरा ढकललास, तर ते वर साचतात, पिशवी आणि अन्ननलिका ताणतात, आणि मग एकतर दुखतं नाहीतर सगळं उलटून येतं.

म्हणून ते मिनिट. ऑस्ट्रेलियातले सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्यासोबत काम करणारे लोक रुग्णांना हेच शिकवत आले: छोटा घास, नीट चावणं, गिळणं, मग एक मिनिट थांबणं. ऐकायला सोपं आहे. करून बघ, पहिल्या आठवड्यात वेड लागेल. एक मिनिट किती लांब असतं हे कळायला समोर घड्याळ आणि हातात रिकामा चमचा हवा. मी चमचा खाली ठेवायला शिकले. हातात राहिला की तो आपोआप भरतो. घासही चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच घ्यायचा. साधारण अर्धा कप अन्न, वीस मिनिटं, आणि ताटात काही उरलं तर उरू द्यायचं. वीस मिनिटांनी भूक गेलेली असते, मग अर्ध्या कपातलंही दोन घास का उरेनात. ताट पुसून घ्यायची लहानपणापासूनची सवय मोडताना मला खरोखर अपराधी वाटायचं. ताटच लहान घेतलं तेव्हा ते थांबलं.

आधी काय खायचं, याला मात्र क्रम आहे. पहिले घास प्रथिनांचे: अंडं, मासा, डाळ, पनीर, जे तुला चालतं ते. मग भाज्या. पाव, भात वगैरे जागा उरली तर. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं अर्ध्या-अर्ध्या कपात बसवायची, तर मधल्या बिनकामाच्या घासांना जागाच उरत नाही. तुझ्या आहारतज्ज्ञांनी दुसरा आकडा दिला असेल तर तो धर. मल्टिव्हिटॅमिन चालू ठेव. बँडमुळे आतड्यांतलं शोषण बदलत नाही हे खरं, पण खाणंच कमी झालं की कमतरता होतेच.

आता अडकण्याबद्दल. सगळ्यांचं होतं, तुझंही होईल, आणि पहिल्यांदा होईल तेव्हा तुला वाटेल आपण मरतोय. माझं झालं एका जेवणावळीत. गप्पा रंगल्या होत्या, भाजलेल्या मांसाचा तुकडा जरा कोरडा होता, मी अर्धवट चावून गिळला. छातीच्या मधोमध, बरगड्यांच्या खाली, कोणी मूठ दाबून धरल्यासारखं झालं. मग तोंडात लाळ येऊ लागली, घट्ट, फेसाळ, थांबेचना. मी पाण्याचा पेला उचलला आणि तीच चूक केली. पाणी खाली जात नाही, अडकलेल्या घासावर चढून बसतं आणि दुखणं वाढवतं. शेवटी बाथरूममध्ये जाऊन फेसासकट तो तुकडा बाहेर आला. बाहेर मंडळी विचारत होती, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, ठसका लागला.

असं झालं की खाणं तिथेच थांबव. काही पिऊ नकोस. उठून जरा चाल, ताठ राहा, खांदे सैल सोड. बहुतेक वेळा घास आपला आपण जातो, नाहीतर परत येतो. बोटं घालून उलटी काढायची नाही. त्यानंतर तेच ताट पूर्ण करायला बसू नकोस. तो भाग आता सुजलेला असतो, दिवसभर पातळच घे. आणि मग नीट आठव: घास मोठा होता, घाई होती, कोरडं होतं की मन दुसरीकडे होतं? माझ्या बाबतीत दहातल्या आठ वेळा मी बोलत होते. मऊ पाव, चिवट मांस, दोऱ्यांच्या भाज्या, फळांच्या साली, गोळा होणारा भात यांची अनेकांना धास्ती असते, पण प्रत्येकाची यादी वेगळी निघते. माझ्या ओळखीच्या एकीला सफरचंद मजेत जातं आणि उकडलेलं अंडं अडकतं. सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो असं बरेच जण सांगतात. मलाही दहाच्या आधी घट्ट पदार्थ जात नाही, म्हणून मी न्याहारीला भांडत बसत नाही.

आणि इथूनच तो सापळा सुरू होतो, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहिते आहे. दोन-चार वेळा घास अडकला की माणूस शहाणा होतो आणि जे अडकत नाही ते खाऊ लागतो. आइस्क्रीम अडकत नाही. चॉकलेट विरघळतं. बिस्किटं चहात बुडवली की सरळ उतरतात, वेफर्सचा लगदा होतो, मिल्कशेक तर पाण्यासारखा जातो. हे सगळं बँडमधून घसरत जातं, त्यामुळे वरच्या पट्टीवर ताण पडत नाही, निरोप जात नाही, भूक शमत नाही. उष्मांक मात्र पूर्ण जमा होतात. वजन उतरायचं थांबतं. मग वाटतं, बँड सैल आहे, अजून आवळून घेऊ. आवळला की घट्ट अन्न आणखी अडकतं, म्हणून आणखी मऊ. मी हे चक्र पुरं फिरले. दोन फिल, म्हणजे दोनदा बँडमध्ये आणखी द्रव भरणं, मी मागून घेतले, डॉक्टरांना खोटं सांगून, की नीट खाते आहे तरी भूक लागते. शेवटी मी संध्याकाळी सूप आणि पुडिंगवर होते, रात्री आडवं झालं की खोकला यायचा, आणि वजन चार किलो वाढलं होतं.

उपाय काय झाला सांगू? बँड सैल केला. अगदी थोडासाच द्रव काढला. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा मासा, भाज्या, चावून खायचं अन्न खाऊ लागले आणि तीन महिन्यांत ते चार किलो उतरले. घट्ट म्हणजे चांगला, हे माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेलं. तुझ्या पोटाच्या कातडीखाली पोर्ट आहे, म्हणजे बँडला नळीने जोडलेली छोटी डबी; तिच्यात सुई घालून सलाइन भरता येतं तसं काढताही येतं. पूर्वीचे पट्टे एकदा बसवले की तसेच राहायचे. सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी 1986 मध्ये पट्ट्याच्या आत फुगवता येणारा फुगा घातला आणि 1993 मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तसा बँड दुर्बिणीतून बसवला. पुन्हा ऑपरेशन न करता कमी-जास्त करता यावा, यासाठीच ही सगळी खटपट होती. तेव्हा सैल करून घेणं म्हणजे हार मानणं नाही.

दवाखान्यात तुला तीन रंगांचा तक्ता दाखवतील. पिवळा म्हणजे दोन जेवणांच्या मध्येच भूक, मोठी ताटं, डबे उघडत फिरणं: बँड थोडा भरायला हवा. हिरवा म्हणजे थोडक्यात पोट भरतं, काही तास भूक आठवत नाही, वजन सावकाश उतरतं. लाल म्हणजे घट्ट पदार्थ जात नाहीत, उलटून येतं, छातीत जळजळ, रात्रीचा खोकला, आणि मऊ-गोडाकडे वळलेली जीभ. लक्षात घे, वजन न उतरणं हे पिवळ्यातही घडतं आणि लालातही. नुसता काटा बघून फिल मागायचा नाही. काय खाते आहेस ते लिहून ने, खरं खरं. आइस्क्रीमसकट.

पहिला फिल दोन मिनिटांचं काम आहे. सुई टोचते, पण भीती वाटते तेवढं नाही. नंतर तिथेच पेलाभर पाणी प्यायला लावतील. ते खाली उतरल्याशिवाय घरी निघू नकोस. हिरव्यात पोचायला तीन-चार फेऱ्या लागल्या तरी कंटाळू नकोस. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हाच या ऑपरेशनचा वेग आहे. जठर कापून लहान केलेल्या किंवा बायपास केलेल्या कोणाशी तुलना केलीस तर तू स्वतःला गोगलगाय वाटशील. आजकाल बहुतेक जण तीच ऑपरेशनं करून घेतात आणि काहींना काही वर्षांनी बँड काढावाही लागतो. हे तुला कोणीतरी खवचटपणे ऐकवणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुझा बँड आज बसलेला आहे, तर आज त्याच्याबरोबर खायला शिकू या.

पाणी जेवणाबरोबर नको. घास भिजून पातळ झाला की घसरतो, आणि सगळा खेळ फुकट जातो. जेवणानंतर निदान अर्धा तास थांब, मग दिवसभर घोट घोट पीत राहा. फसफसणारी पेयं सोडलेली बरी. गोड सरबतं आणि दारू यांना बँड अडवत नाही, एवढंच त्यांच्याबद्दल.

भुकेबद्दल तू एक वाक्य लिहिलं होतंस, ते मी दोनदा वाचलं: "पोट भरलेलं असतं तरी मी स्वयंपाकघरात उभी असते." बँड पोटाची भूक आवरतो. कंटाळ्याची, रागाची, रात्री अकराच्या एकटेपणाची भूक त्याच्या हद्दीत येत नाही. ऑपरेशननंतर काही महिने मला चक्क कोणी गेल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं प्रत्येक वाईट दिवसाच्या शेवटी अन्न होतं, आणि आता ते अर्धा कप झालं होतं. मी समुपदेशकाकडे गेले आणि ते उशिरा केलं. तू आत्ताच विचार, टीममध्ये कोणी आहे का. दरम्यान स्वयंपाकघरात उभी असशील तेव्हा स्वतःला विचार: आत्ता एक उकडलेलं अंडं मिळालं तर खाशील? हो असेल तर भूक खरी आहे, खा. "अंडं नको, दुसरं काहीतरी" असं उत्तर आलं तर तिथून बाहेर पड.

लोकांना काय सांगायचं, हे तुझं तू ठरव. मी "हळू खाते, पोट नाजूक आहे" एवढंच सांगत आले आणि ते खोटंही नाही. आग्रह करणाऱ्याला उत्तर देत बसलं की बोलता बोलता घास गिळला जातो, आणि मग बाथरूम. तोंडात घास असताना गप्प राहायची परवानगी स्वतःला दे.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. पाणीही खाली जात नाही, स्वतःची लाळ गिळता येत नाही, उलट्या थांबत नाहीत, पोटात जोराचं दुखतंय, ताप आहे, पोर्टची जागा लाल होऊन दुखते आहे: त्याच दिवशी दवाखाना, रात्र असेल तर रात्री. तिथे पहिलं वाक्य हे सांग की बँड आहे. नव्या डॉक्टरांना ते बाहेरून दिसत नाही.

पहिला फिल झाला की पहिले दोन-तीन दिवस पातळ, मग मऊ, मग चावायचं अन्न. चावायच्या अन्नाचं पहिलं जेवण एकटी कर, घड्याळ समोर ठेवून. काय खाल्लंस आणि कितव्या घासाला थांबलीस, ते मला कळव.

तुझी,
ताई

ता. क. गोळ्यांचं राहिलंच. मोठ्या गोळ्या अडकतात, पण सगळ्याच कुटून चालत नाहीत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. तुझी यादी घेऊन औषधवाल्याला विचार, कशाचं पातळ औषध मिळतं. आणि डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, जठराला ती सोसत नाही.