नोटेशन न शिकता, नुसतं ऐकून गाणी ड्रमवर बसवता येतात का?

प्रश्न असा आहे: "सोलापुरात अशोक चौकाकडे राहतो. शाळेपासून मंडळाच्या लेझीम पथकात आहे, ताशा थोडाफार जमतो. आता ड्रम शिकायचाय, नोटेशन (कागदावर लिहिलेला ठेका वाचणं) येत नाही. गाणी ऐकून बसवता येतील का, की आधी क्लास लावून नोटेशन शिकावं? आणि इलेक्ट्रॉनिक किट कुठला घ्यावा?"

येतात. आणि पक्की बसतात. "ऐकून वाजवणारा अडाणी, नोटेशनवाला खरा वादक" हे वाक्य मला फार झोंबतं, म्हणून सविस्तर लिहितो. तबला, ढोलकी, पखवाज, हलगी, सगळं आपल्याकडे कानातून आलंय. बोल आधी जिभेवर, मग हातात. ड्रमला हाच नियम लावला की काम होतं. तोंडाने म्हणता येत नाही तो ठेका हाताला येत नाही, आणि बरेच लोक नेमकी हीच पायरी गाळून थेट काठ्या उचलतात.

आधी ऐकायचं साधन. फोनच्या स्पीकरवर ड्रम बसवायला बसू नका. बेस ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, मूळ आवाज साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि फोनचा छोटा स्पीकर तो देऊच शकत नाही. तुम्हाला ऐकू येते ती फक्त बीटर (पेडलची मोगरी) ड्रमच्या पानावर आदळल्याची टिकटिक, तीही बाकी आवाजांत बुडालेली. मग माणूस अंदाजाने पाय मारतो आणि सगळी गाणी एकाच ठेक्यात वाजवतो. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन घ्या, साधा चालेल. नुसतं ऐकायला ब्लूटूथ चालतो, पण पुढे इलेक्ट्रॉनिक किटचा आवाज ब्लूटूथवरून ऐकायला गेलात तर घोटाळा आहे. त्यात १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. १०० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १०० ठोके असताना, एका ठोक्याचा चौथा भाग १५० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुमचा प्रत्येक फटका पाव ठोका मागे ऐकू येणार. हात बरोबर असून माणूस स्वतःलाच बेताल समजायला लागतो.

मग टेम्पो. १५ सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा. २६ आले तर १०४. जुन्या गाण्यांत मुखड्याला एकदा आणि शेवटच्या अंतऱ्याला पुन्हा मोजा, कारण तेव्हा सगळे वादक क्लिकशिवाय (कानात मेट्रोनोमची टिकटिक न लावता) एकत्र वाजवायचे आणि शेवटी गाणं थोडं चढलेलं असतं. ते चढणंही गाण्याचाच भाग आहे, मेट्रोनोमला बांधून ते मारू नका.

टेम्पो कळला की काठ्या लांब ठेवा आणि कागदावर गाण्याचा नकाशा काढा. सुरुवातीचं म्युझिक किती आवर्तनं (एक आवर्तन म्हणजे बहुधा चार ठोक्यांचा फेरा), मुखडा किती, मधलं पहिलं म्युझिक किती, अंतरा किती. इथे तुमची लेझीम कामाला येते. लेझमीत चाल कधी बदलायची हे ४ आणि ८ च्या मोजणीवर अंगात मुरलेलं असतं. तीच मोजणी गाण्याला लावा. बहुतेक गाणी ४ किंवा ८ आवर्तनांच्या तुकड्यांत बसतात. जिथे बसत नाहीत, म्हणजे अंतऱ्याच्या शेवटी गायक ओळ लांबवतो आणि दोनच ठोक्यांचं एक तोकडं आवर्तन येतं, तिथे लाल पेनने खूण करा. कार्यक्रमात ड्रमर तिथेच सुटतो.

आता ठेका उलगडायचा. क्रम ठरलेला आहे: आधी स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), मग हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), शेवटी बेस ड्रम. सगळं एकदम ऐकायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

स्नेअरसाठी आवाज अगदी कमी करा. कमी आवाजात कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात आणि गायक व स्नेअर तेवढे वर राहतात. स्नेअर २ आणि ४ वर पडतोय की फक्त ३ वर, एवढं पक्कं करा. आवाज 'टक' असा कोरडा असेल तर काठी आडवी ठेवून कडेवर मारलीय, 'धाड' असा भरीव असेल तर मधोमध. संथ गाण्यांत मुखड्याला 'टक' आणि अंतऱ्याला भरीव, असं वरचेवर असतं.

हायहॅटसाठी हेडफोनचा एकच कान लावून पाहा, मग दुसरा. स्टिरिओ गाण्यात बेस आणि स्नेअर मधोमध असतात, हायहॅट बहुधा एका बाजूला सरकवलेला असतो. ज्या कानात तो स्वच्छ येतो तोच धरा. जुन्या मोनो रेकॉर्डिंगला ही युक्ती चालत नाही, तिथे इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये) खालच्या पट्ट्या पूर्ण खाली ओढा. एका ठोक्यात हायहॅट दोन की चार, हे मोजा. 'त्स्स' असा उघडा आवाज कुठे येतो हे बघा, आणि तो कुठे बंद होतो हेही. बंद करणारा पाय हासुद्धा एक फटकाच आहे, तो विसरला की गाण्याची ऐट जाते.

आणि मग बेस. खरं काम इथे आहे. इक्वलायझरमध्ये ६० हर्ट्झच्या आसपासची पट्टी वर, बाकी खाली. आता दोन गोष्टी ऐकू येतील, बेस ड्रम आणि बेस गिटार, आणि बरेच जण गिटारलाच ड्रम समजतात. गिटारचा सूर लांबतो आणि वरखाली जातो. ड्रमचा आवाज एकाच जागी 'धप्' होऊन संपतो.

एक उदाहरण घेऊ. बेसला 'धुम', स्नेअरला 'टा', मधल्या रिकाम्या हायहॅटला 'चि'. चार ठोक्यांचं आवर्तन, प्रत्येक ठोक्याला दोन घरं, म्हणजे आठ घरं:

धुम चि टा धुम | धुम चि टा चि

बेस पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या घरात, स्नेअर तिसऱ्या आणि सातव्यात. हायहॅट आठही घरांत चालूच. हे तोंडाने म्हणा, पायाने ठोका धरून. आता असंच ऐकू येणारं दुसरं गाणं घ्या, ज्यात तो मधला 'धुम' चौथ्या घरात नसून चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आहे, पुढच्या 'धुम'ला चिकटून. फरक अर्ध्या घराचा, पण पहिलं गाणं सरळ चालतं आणि दुसरं ढकलत नेतं. ओळखायचं कसं? बेसकडे ऐकू नका, हायहॅटकडे ऐका. तो 'धुम' हायहॅटच्या फटक्यासोबत एकत्र पडला तर तो घरात आहे. दोन हायहॅटच्या मधल्या फटीत पडला तर तो घराबाहेर आहे. या एका कसोटीवर निम्मी गाणी सुटतात.

तरी सुटत नसेल तर यूट्यूबवर वेग ०.७५ करा. ०.५ च्या खाली जाऊ नका. वेग कमी करताना सूर तोच ठेवायला आवाज ताणला जातो, आणि फटक्याची धारच पुसली जाते. झांजा तर गुळण्या केल्यासारख्या येतात. तेवढी चार सेकंदं ऑडॅसिटीत (आवाज कापायचं फुकट सॉफ्टवेअर) कापून पुन्हा पुन्हा फिरवत लावा आणि बोल जुळेपर्यंत म्हणा. जुळले की मगच काठ्या, आणि सुरुवातीला मूळ टेम्पोच्या ७० टक्क्यांवर.

ड्रम वेगळा काढून देणारी ॲप आली आहेत, मोइझेससारखी. वापरा, पण आंधळेपणाने नको. आपल्या गाण्यांत ढोलकी, तबला, डफ भरलेले असतात आणि ॲप ते सगळं ड्रमच्याच पिशवीत टाकतं. स्नेअरचे हलके फटके मात्र बऱ्याचदा गाळून टाकतं. वेगळा काढलेला ड्रम ऐकून बसवलेला ठेका मूळ गाण्यावर एकदा ताडून बघायचाच.

इथे माझा जुना वाद येतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाण्यांत मुळात ड्रमचा ठेकाच नसतो, केहरवा (आठ मात्रांचा ताल) असतो. आणि "क्लास केलेले" ड्रमर त्याच्यावर २ आणि ४ चा स्नेअर ठोकून मोकळे होतात. केहरवा म्हणून बघा: धा गे ना ती, ना के धी ना. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा) घुमारा 'धा', 'गे' आणि 'धी' वर, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तिसरी ते सहावी मात्रा खालून मोकळी. ड्रमच्या नेहमीच्या ठेक्यात सातव्या घरात एकटा स्नेअर असतो, तिथे केहरव्याला बेस हवाय. सातव्याला स्नेअरसोबत बेस द्या, पाचव्याचा बेस काढून टाका, आणि गाणं लगेच बसतं. ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून हे शिकता येतं. वर्षभराच्या कोर्सनंतरही ज्यांच्या कानाला हे खटकत नाही, त्यांनी ऐकून वाजवणाऱ्यांना नावं ठेवू नयेत.

तुमच्या पूर्व भागात तेलुगू लग्नांच्या सुपाऱ्या येणारच. तिथल्या वरातीत वाजणाऱ्या तीनमारची चाल तिनाची आहे, एका ठोक्यात तीन घरं. तिथे दोन किंवा चार घरांची मोजणी लावली की वरात थांबते. 'धुम चि चि, टा चि चि' असं म्हणत आधी चालून बघा.

जुनी हिंदी गाणी बसवणार असाल तर आणखी एक. आर. डी. बर्मन यांच्याकडे ड्रमवर फ्रँको वाझ, तबल्यावर मारुतीराव कीर आणि मादलवर (नेपाळी ढोलकीसारखं वाद्य) रणजित गझमेर असायचे. त्यामुळे ज्याला तुम्ही टॉमचा (किटमधल्या मधल्या ड्रमचा) रोल समजता ते बऱ्याचदा मादल असतं. मादलचा आवाज सुरात लावलेला असतो, गुणगुणता येतो. टॉमचा बहुधा तसा येत नाही. एकटे वाजवणार असाल तर तो तुकडा टॉमवर घ्या. पण ऑर्केस्ट्रात साईड रिदमला (मादल, ढोलकीसारखी वाद्यं वाजवायला) माणूस असेल तर त्याचं त्याला वाजवू द्या. दोघांनी एकच तुकडा वाजवला की चिखल होतो.

फिलिंगचं, म्हणजे ठेका तोडून मध्ये वाजवलेल्या छोट्या तुकड्याचं, थोडक्यात. ते बहुधा चौथ्या किंवा आठव्या आवर्तनाच्या शेवटच्या दोन ठोक्यांत येतं आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, क्रॅश (मोठी झांज) अधिक बेस एकत्र पडतात. कधी क्रॅश समेच्या अर्धा ठोका आधीच पडतो आणि सम रिकामी जाते, ती जागा कागदावर नोंदवा. किती फटके आहेत त्यापेक्षा फिलिंग कुठून सुरू होतं हे आधी शोधा. चुकीच्या फटक्यांचं फिलिंग समेवर आलं तर खपतं, बरोबर फटक्यांचं अर्धा ठोका उशिरा आलं तर गायक मागे वळून बघतो.

दोन गोष्टी राहिल्या. हल्लीची बरीच गाणी संगणकावर रचलेली असतात. त्यात एकाच वेळी तीन स्नेअर, टाळी आणि दोन हातांना अशक्य असा हायहॅट असतो. हे सगळं वाजवता येत नाही म्हणून खचू नका. बेस आणि मुख्य स्नेअर तंतोतंत ठेवा, हायहॅट हाताला झेपेल तेवढा निम्मा करा. दुसरं, खऱ्या ड्रमचा आवाज बंद खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो. त्याच्यावर मात करायला हेडफोन वाढवत नेलात तर ज्या कानावर सगळी मदार आहे तोच जाईल. कानात बसणारे वायरचे इअरफोन घाला, त्यांच्यावरून बाहेरचा आवाज दाबणारे इअरमफ चढवा आणि गाणं हळू ठेवा.

नोटेशनला माझा विरोध नाही. २०-२५ गाणी कानाने बसली की जरूर शिका, तेव्हा ते महिन्याभरात कळेल, कारण घरं तुम्ही आधीच मोजत असाल. दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी उभं राहायचं असेल तर कागद वाचता येणं फार उपयोगी पडतं. पण ज्याला कागदाशिवाय सम सापडत नाही त्याला कागदावरही सापडत नाही. क्लास लावलाच तर पहिल्या दिवशी गुरुजींना एक अनोळखी गाणं ऐकवून ठेका तोंडाने म्हणायला सांगा. म्हणाले तर फी भरा.

किट आत्ता घेऊ नका. १२ इंची प्रॅक्टिस पॅड, ५ए (मध्यम जाडीच्या) काठ्या आणि फुकटचं मेट्रोनोम ॲप एवढ्यावर पहिले काही महिने निघतात, बेसला टाच टेकवून जमिनीवर पाय मारा. नंतर घ्याल तेव्हा कंपनीपेक्षा चार गोष्टी बघा. स्नेअरला जाळीचं पान हवं, रबराचं नको. बेसला खरा बीटर लागणारा पेडल हवा, कारण नुसत्या दाबायच्या पेडलवर शिकलेला पाय खऱ्या ड्रमवर लंगडतो. हायहॅटला अर्धं उघडं ओळखता यायला हवं. आणि गाणं वायरने जोडायचं छिद्र हवं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर काठ्यांचा आवाज कोणाला जात नाही, पण पेडलची धडधड स्लॅबमधून थेट खालच्या घरात जाते, तेव्हा किटसोबत जाड रबरी मॅटचे दोन थरही घ्या.