नववीसाठी नवोदयची परीक्षा देताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या नववीच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोणते गाइड घ्यावे, एवढेच तू विचारले आहेस. गाइडचा विचार नंतर करू, कारण तुझ्यासारख्या मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला त्याआधी भाषेचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि बहुतेक घरांत त्याची चर्चाच होत नाही.

सहावीच्या नवोदय परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. त्यामुळे नववीलाही तसेच असेल, असे पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात नववीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. अडीच तासांत १०० गुणांचे १०० प्रश्न सोडवायचे असतात: इंग्रजी १५, हिंदी १५, गणित ३५ आणि विज्ञान ३५. म्हणजे ज्या ७० गुणांवर तुझी खरी भिस्त आहे, ते तुला येत असलेल्या गणितावर आणि विज्ञानावर आधारित असले, तरी परक्या शब्दांत विचारलेले असतात. मराठीतील अपूर्णांक हिंदीत ‘भिन्न’ होतो, सरळव्याजाचे ‘साधारण ब्याज’ होते आणि पेशीची ‘कोशिका’ होते. एरवी सहज सुटणारे उदाहरण केवळ शब्द न कळल्यामुळे सोडून द्यावे लागले, तर ती हानी अभ्यासाच्या कमतरतेची नव्हे, तयारीच्या दिशेची असते.

माझे मत विचारशील, तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच वाचायला लाग. हिंदी मराठीला जवळची असल्याने ती सोपी वाटेल, आणि परीक्षेला अगदी थोडेच महिने उरले असतील तर तीच निवडणे शहाणपणाचे ठरेल. परंतु प्रवेश मिळाल्यावर नवोदयात हे दोन्ही विषय इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकायची आहेत. आज केलेले कष्ट पुढच्या वर्षी कामी येतील. एका वहीत रोज दहा-बारा संज्ञा मराठी आणि इंग्रजी अशा समोरासमोर लिही. बालभारतीचे आठवीचे पुस्तक बाजूला टाकू नकोस. संकल्पना त्यातूनच पक्की कर आणि मग तोच घटक एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकात वाच, कारण नवोदय विद्यालये सीबीएसईशी, म्हणजे केंद्रीय मंडळाशी, संलग्न आहेत आणि राज्याच्या व केंद्रीय अभ्यासक्रमांतील घटकांचा क्रम व खोली सारखी नाही. ही पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. एवढे झाल्यावर कोणतेही बरे गाइड सरावापुरते चालेल.

दुसऱ्या जिल्ह्यातील निवासी क्लासला जाण्याचा विचार तुझ्या वडिलांच्या मनात आहे, असे तू लिहिले आहेस. त्यांना माझा निरोप सांग की, ज्या जिल्ह्यातील नवोदयसाठी अर्ज करायचा, त्याच जिल्ह्याची रहिवासी असणे आणि त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत आठवी शिकत असणे बंधनकारक आहे. क्लासच्या सोयीसाठी शाळेचा दाखला हलवला, तर पात्रताच जाईल, आणि ती कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी गेली तर उत्तीर्ण होऊनही उपयोग नाही. जन्मतारखेची मर्यादा दरवर्षीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे तो भरून देण्यासाठी कोणी ‘फी’ मागितली तर ती परीक्षेची नाही, हेही लक्षात असू द्या.

जागांविषयी तुझ्या मैत्रिणीने सांगितलेले आकडे सहावीचे आहेत. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. नववीला मात्र मध्येच कोणी शाळा सोडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागाच भरतात. एखाद्या जिल्ह्यात त्या अगदी मोजक्या असू शकतात. निवड न झाल्यास तुझी बुद्धी कमी पडली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. दहावीनंतर अकरावीच्या रिक्त जागांसाठीही प्रवेश दिला जातो, हे घरी सांगून ठेव. म्हणजे याच एका निकालावर सारे अवलंबून आहे, असे कोणी मानणार नाही.

राहण्याचा मुद्दाही आताच बोलून घ्या. ही निवासी शाळा आहे, आणि राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत असली तरी घर दूर असते. शिवाय नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी वेगळ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयात पाठवतात. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावतीत सुरू झाली; निरनिराळ्या भागांतील मुलांनी एकत्र राहावे, हा या योजनेच्या हेतूंपैकी एक होता. मला स्वतःला हा तिचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, पण तो तुझ्या आईलाही तसाच वाटेल, असे गृहीत धरू नकोस. तिच्याशी आधी मोकळेपणाने बोल.

परीक्षेच्या दिवसापुरते एकच सांगतो. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या कागदावर, गोल रंगवून बॉलपेनने भरायची असतात, म्हणून घरच्या सरावातही ते गोल पेनानेच भर आणि घड्याळ लावून बस. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते. भाषेचे प्रश्न त्याहून लवकर संपवलेस, तर गणितासाठी वेळ उरेल.

घरी बोलून इंग्रजी की हिंदी, हे ठरले की मला कळव. त्या भाषेतील जुन्या प्रश्नपत्रिका मी जमवून पाठवतो.

तुझे हितचिंतक,
सर