सजावट तुझ्या गळ्यात पडलीच आहे तर...

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. चर्चच्या नाताळ सजावटीचं काम यंदा तुझ्या गळ्यात पडलंय, हातात पैसे जवळपास नाहीतच, आणि कमिटीने जाता जाता वर सांगितलंय की "गरिबांसाठी पण काहीतरी बघा." ते "पण काहीतरी" वाचून मला हसूच आलं, कारण मलाही एके काळी हेच शब्द ऐकवले होते आणि मी शहाण्यासारख्या दोन याद्या केल्या होत्या, एक सजावटीची आणि एक दानाची.

पैसे सगळे पहिल्या यादीत गेले. थर्माकोलच्या चांदण्या, फुगे, आणि ती चमकी, जी ईस्टरपर्यंत बाकांच्या फटीतून निघत होती. उरलेल्या पैशात पिशव्या भरल्या आणि कॅरल्स संपल्यावर एकेका कुटुंबाला स्टेजवर बोलावून वाटल्या, फोटोसकट. माझ्या संडे स्कूलच्या वर्गातला एक मुलगा होता, सात-आठ वर्षांचा, तो पिशवी घेऊन खाली उतरला आणि आपल्या जागेवर न जाता तसाच मागच्या दाराने बाहेर. पुढचे दोन रविवार आलाच नाही. कोणी त्याला वाकडं बोललं नव्हतं, नुसतं माईकवर नाव घेतलं होतं. मीच घेतलं होतं.

म्हणून सांगते, यादी एकच कर. सजावटच अशी कर की मदत तिच्यातूनच होईल, आणि कोणाला काय मिळालं ते कोणाला कळणार नाही.

आम्ही मग काय केलं ते सांगते. एक मोठी वाळलेली फांदी आणली, बादलीत दगड भरून उभी केली, बादलीला जुनी चादर गुंडाळली. खाकी कागदाचे तळहाताएवढे टॅग कापले, सुतळीने बांधले. प्रत्येक टॅगवर एक नंबर आणि एकच गरज. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी झाड असं खाकी टॅगांनी भरलेलं, जरा उदासच दिसतं. ज्याला जमेल त्याने एक टॅग न्यायचा, वस्तू आणून द्यायची, आणि वस्तू आली की त्या जागी पांढऱ्या कागदाची चांदणी लागते. दर रविवारी झाड थोडं थोडं पांढरं होत जातं. लोक आत आल्या आल्या आधी झाडाकडे बघतात, किती राहिले ते मोजतात, मुलं तर बाकावर टिकतच नाहीत.

टॅग लिहिताना मात्र डोकं वापर. "एकटे राहणारे आजोबा, स्वेटर" असं लिहिलंस की अख्ख्या मंडळीला कळलं कोण ते. "पुरुष, स्वेटर, मोठा साइज" एवढंच लिही. नावांची वही तुझ्याकडे आणि पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे), तिसऱ्या कोणाकडे नाही, कमिटीकडेही नाही (ओरडतील, ओरडू दे). आणि गरज आपण ठरवायची नाही, घरी जाऊन विचारायची. आम्ही खेळणी धरून चाललो होतो आणि एका आईने हळूच चष्म्याच्या काचा मागितल्या.

तिसऱ्या रविवारी सगळं जमा झालं पाहिजे असं सांग, चौथ्यापर्यंत थांबायचं ठरवलंस तर रात्री जागून मरशील. कोणीतरी टॅग नेऊन हमखास विसरतं, त्यासाठी थोडे पैसे बाजूला असू देत. आणि मुलांच्या भेटी आपण पॅक करायच्या नाहीत. वस्तू आणि रंगीत कागद आईबापाच्या हातात गुपचूप द्यायचा, पॅक ते करतील, मुलांना देतीलही तेच. आम्हाला हे सुचायला दोन वर्षं लागली.

पैसे नसणाऱ्यांना वगळू नकोस. बायबलमधल्या गरीब विधवेने दान दिलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, आपल्याला सगळ्यांना पाठ आहेत, पण तिच्यासारखीला देता येईल असा टॅग झाडावर नसतो. "दोन तास, दवाखान्यात सोबत" असेही टॅग लाव. ते सगळ्यात आधी गेले होते.

बाकी सजावट साधी ठेव, त्यात कमीपणा नाही. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडली ती गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर. आगमनाच्या मेणबत्त्यांचं चक्र आज किती नटवतात, पण १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या गृहस्थाने ते गाडीच्या जुन्या चाकावर केलं, गरीब मुलांच्या आश्रमात, कारण पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी. रोज एक छोटी मेणबत्ती, रविवारी मोठी. म्हणजे ती सजावट मुळात आश्रमातल्या पोरांसाठीच केलेली. तू गव्हाणी रिकामी ठेव आणि शेजारी पेंढ्याची टोपली. कोणासाठी काही केलं की मुलांनी एक काडी आत टाकायची, काय केलं ते सांगायचं नाही. २४ च्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्यात ठेवेपर्यंत अंथरूण किती जाड होतं ते बघ. आमच्याकडे एका पोराने मूठभर टाकलं होतं, मी काही विचारलं नाही.

आणि मेणबत्त्या त्या फांदीपासून लांब, पेंढ्यापासून त्याहून लांब. चक्रावर लावायच्या असतील तर उपासना संपेपर्यंत एक मोठा माणूस शेजारी बसलेला हवा, नाहीतर सरळ बॅटरीवाल्या लाव, दिसायला फिक्या दिसतात पण चालतं.

शनिवारी येते, माझी कात्री घेऊन. खाकी कागद जुन्या वह्यांच्या कव्हरांचा चालेल, नवा आणू नकोस. तोवर कोणाकोणाच्या घरी जायचं ते पाळकांना विचारून ठेव, ते काम आधी, फांदी नंतर.

तुझी,
संडे स्कूलची टीचर