झेनॉन बसवण्याआधी दिव्याची काच बघा
हेडलाइटमध्ये गोल भिंगाचा प्रोजेक्टर असेल तरच झेनॉनचा, म्हणजे तारेऐवजी वायूतून उजेड देणाऱ्या बल्बचा, विचार करा. साध्या रिफ्लेक्टरमध्ये (भिंग नसलेल्या चकचकीत वाटीत) प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात, दंडाची भीती वेगळीच. घ्यायचेच तर ३५ वॅट, ४३०० केल्व्हिन (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की उजेड निळा). ८००० वाल्या निळ्या उजेडात ओलं डांबर नीट दिसतच नाही. पेटताना बॅलास्ट (झेनॉन बल्बला वीज पुरवणारा डबा) नेहमीच्या दुपटीहून जास्त करंट ओढतो, म्हणून बॅटरीपासून रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि २० अँपिअर फ्यूजची वेगळी वायरिंग करा. बॅलास्ट बंपरमागे खाली नको: गोव्याच्या पावसात पाणी शिरतं, खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात. उंचावर बसवा, वायरचं तोंड खाली. बल्बच्या काचेला बोट लावू नका. फॉगलाइटला मात्र झेनॉन नकोच. चोर्ला घाटातल्या धुक्यात कंपनीच्याच वॅटचा हॅलोजन बरा, फक्त झोत खाली.