भारतातले चायनीज आवडते, पण चीनमधले अस्सल जेवण पहिल्यांदा खाताना ते घशाखाली उतरेल का?

आपण पुढच्या महिन्यात कामानिमित्त चीनला जात आहात आणि इथले चायनीज आवडीने खाता, म्हणून हा प्रश्न विचारला आहे. जेवण उतरेल, फक्त गाडीवरच्या चवीची अपेक्षा बरोबर नेऊ नका. ईशान्य चीनमधल्या मांचुरिया भागात मांचुरियन नावाचा पदार्थ कोणी करत नाही. त्याचे श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना दिले जाते, आणि तो १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात जन्मला असे सांगतात. ‘शेजवान’ हा शब्द सिचुआन प्रांताच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगवरून आला, पण आपल्या शेजवान चटणीत मिरची, लसूण आणि व्हिनेगर असते. ज्या मसाल्यामुळे सिचुआनचे जेवण सिचुआनचे ठरते, तो तिच्यात सहसा नसतो. त्या मसाल्यासाठीच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. २०१७ साली एका कारखान्यातील यंत्रांच्या तपासणीसाठी मी चेंगडू या सिचुआनच्या राजधानीत दोन आठवडे होते. पहिल्याच दुपारी तिथल्या सहकारी बाईंनी मला कारखान्याजवळच्या एका छोट्या खाणावळीत नेले. गोल टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी पाच-सहा पदार्थ, प्रत्येकापुढे भाताची लहान वाटी आणि पाण्याऐवजी गरम चहा, अशी तिथली रीत. मधल्या खोलगट भांड्यात मापो तोफू होते. सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या तोफूचे पांढरे, मऊ चौकोन लाल तेलात बुडालेले होते, आणि त्या तेलाला चेंगडूजवळच्या पीशियनच्या प्रसिद्ध मसाल्याचा, म्हणजे बाकल्याचे दाणे व मिरच्या आंबवून केलेल्या वाटणाचा, खोल खारट वास होता. वरून कसलीशी तपकिरी पूड भुरभुरली होती.

पहिल्या घासाला तिखट लागले, त्यात नवल नव्हते. दुसऱ्या घासानंतर मात्र ओठांच्या कडांना बारीक मुंग्या आल्या, जिभेचे टोक थरथरल्यासारखे झाले, तोंडाला पाणी सुटले, आणि चहाचा घोट घेतला तर तो किंचित आंबटसर लागला. समोरच्या बाई काळजीने माझ्याकडे पाहत होत्या, कारण परदेशी पाहुणे या क्षणी चमचा खाली ठेवतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मला तर त्या क्षणी आमच्या घरचे स्वयंपाकघर दिसले. ही चव मी लहानपणापासून ओळखत होते.

मी हातवारे करून विचारले, तेव्हा त्या आत गेल्या आणि तळहातावर चिमूटभर मसाला घेऊन आल्या. लालसर तपकिरी, खडबडीत, मधोमध उकललेली टरफले होती, आणि एकदोन टरफलांत काळे चकचकीत बी अडकून राहिले होते. ते बी त्यांनी नखाने काढून टाकले. माझी आई सूप मांडीवर घेऊन तिरफळ या आमच्याकडच्या मसाल्यातले बी अगदी असेच काढते, कारण चव टरफलात असते आणि बी कडवट, करकरीत लागते. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी ती टरफले आईला दाखवली. ती लगेच म्हणाली, “ही तर आपली तिरफळां, जरा बारकी.” तिचे बरोबर होते. सिचुआनची हुआज्याओ, म्हणजे तळहातावरचा तो मसाला, आणि कोकण-गोव्याचे तिरफळ ही एकाच कुळातली, काटेरी झाडांची फळे आहेत, आणि जिभेला येणारा तो बधिरपणा दोन्हींत मुळातच असतो. आई तिरफळे वाटणात घालत नाही, नुसती ठेचून बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, शेवटी सोडते. मापो तोफूवरही हुआज्याओची भाजलेली पूड शेवटीच पडते.

आता जे सांगते आहे ते कदाचित आपल्या प्रश्नाबाहेरचे वाटेल, पण माझ्या दृष्टीने उत्तर त्यातच आहे. मी पुण्याला शिकत असताना आईने एकदा ओळखीच्या माणसाबरोबर वसतिगृहात बांगड्याचे तिखले पाठवले होते. खोलीतल्या मैत्रिणीने एक घास खाल्ला, जीभ बधिर झाली म्हणून घाबरली, ‘हे खराब झाले आहे’ असे जाहीर केले आणि मी तासाला गेलेली असताना सगळा डबा कचऱ्यात ओतला. मी परत आले तेव्हा डबा धुऊन पालथा घातलेला होता. हा मसालाच असा आहे, असे मी तिला परोपरीने सांगितले, तर तिचे म्हणणे एकच: जे अन्न जिभेची चव घालवते, ते अन्नच नव्हे. त्यानंतर चार वर्षे मी आईला तिरफळ न घालता कालवण पाठवायला सांगत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या मैत्रिणीला माझे उत्तर असे आहे. सिचुआनमध्ये या बधिरपणाला स्वतंत्र नाव आहे, ‘मा’, आणि तिखटाला ‘ला’. दोन्ही मिळून ‘माला’ ही त्या प्रांताची ओळख आहे. मिरची अमेरिका खंडातून आली, चीनलाही आणि आपल्यालाही, आणि ती सोळाव्या शतकाआधी दोन्हीकडे नव्हती. हुआज्याओ त्याच्या कितीतरी आधीपासून त्या स्वयंपाकात आहे. कोट्यवधी लोक जी चव पिढ्यान्‌पिढ्या मागून घेतात, तिला एका घासावरून नासके ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. अनोळखी अन्न आवडले नाही तर तसे म्हणावे. ते खराब आहे असे म्हणू नये.

म्हणून आपल्याला सांगणे हे की पहिला घास नावडला तरी तिसऱ्या घासापर्यंत थांबा. सोबत थेपले आणि तयार पाकिटे नेऊन खोलीत बसून जेवू नका. यजमानांना त्याचे वाईट वाटते, आणि जेवणाच्या टेबलावर जी ओळख वाढते ती दुसरीकडे वाढत नाही. दानदान नूडल्स अवश्य खा. पूर्वी फेरीवाले त्या कावडीतून विकत, आणि ‘दान’ म्हणजे तीच खांद्यावरची काठी. ‘मत्स्यगंधी’ म्हणवणाऱ्या वांग्यात मासा मुळीच नसतो, आले, लसूण, लोणच्यातली मिरची, साखर व व्हिनेगर असते, आणि भरताची आवड असणाऱ्याला ते हमखास आवडते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मापो तोफूत मूळचा खिमा गाईचा असतो. मी गोमांस खात नाही हे त्या बाईंना आधी कळवले होते, म्हणून माझ्यासाठी डुकराचा घातला गेला. भाजीच्या पदार्थांतही बऱ्याचदा खिमा असतो. आपण शाकाहारी असाल तर ‘वो छ् सू’ एवढे म्हणा आणि ते चिनी लिपीत लिहून जवळ ठेवा. चेंगडूच्या वनशू मठातल्या भोजनगृहात पूर्ण शाकाहारी जेवण मिळते. दुसरे म्हणजे मी जे लिहिले ते एका प्रांताचे. आपण ग्वांगडोंगला जाणार असाल, तर तिथे आले आणि कांद्याची पात घालून नुसता वाफवलेला मासा समोर येईल, आणि त्यात हुआज्याओ बहुधा नसेल. सिचुआनला जाणार असाल आणि ती बेताने हवी असेल, तर ‘वेई मा’ म्हणजे थोडे बधिर, असे सांगता येते. अजिबात नको, असे पहिल्याच दिवशी सांगू नका.