माळ्यावरचा मिलिटरी रिसीव्हर कोणता, हे कसं ओळखायचं

देवगडच्या घरी आजोबांच्या माळ्यावर काळी पेटी सापडली, नावाची पट्टी गेलेली, बँडचा स्विच पाच घरांचा, बटणांखाली 'मीटर बॅलन्स' आणि 'ऑरल सेन्स' लिहिलंय, आणि आता लाइटला जोडून बघू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून जोडू नका. माझा अंदाज बरोबर असेल, तर त्यात घरच्या लाइटवर चालवायला लागणारा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर मुळातच नाही.

पट्टी नसली तरी बिघडत नाही, डायल सगळं सांगते. ओल्या फडक्याने घासू नका, मऊ ब्रशने धूळ झाडा आणि आकडे वाचा. ७५ ते २००, २०० ते ५००, ६०० ते १५०० किलोसायकल (म्हणजे आजचे किलोहर्ट्झ), आणि मग एकदम ३ ते ७.५ व ७.५ ते १८.५ मेगासायकल असे पट्टे असतील, तर तो आर ११५५. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाचा सेट, लँकेस्टर बॉम्बरमध्ये टी ११५४ ट्रान्समीटरच्या जोडीला असायचा. १५०० किलोसायकल ते ३ मेगासायकल ही मधली मोकळी जागा हीच त्याची खूण. एल आणि एन या नंतरच्या प्रकारांत मात्र ती भरून काढली आहे. 'ऑरल सेन्स' हे दिशाशोधनाचं बटण. नुसत्या ऐकण्याच्या रेडिओला ते कशाला लागेल?

अमेरिकन बीसी ३४८ रिसीव्हर असता, तर २०० ते ५०० किलोसायकल आणि पुढे १.५ ते १८ मेगासायकल दिसलं असतं, आणि आत २८ व्होल्टवर फिरून जास्त व्होल्ट तयार करणारा डायनामोटर. एआर ८८ हा दुसरा अमेरिकन सेट तर एकट्याने माळ्यावरून उतरवताच येत नाही, ४५ किलोच्या आसपास वजन.

खात्री व्हॉल्व्हवरून, म्हणजे आतल्या दिव्यासारख्या नळ्यांवरून करा. व्हीआर ९९, व्हीआर १०० असे छाप असतील, एक व्हीआर १०३ म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा मॅजिक आय, एकूण दहा. चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, मुकुट आणि खाली 'एएम' (एअर मिनिस्ट्री, ब्रिटिश हवाई खातं), किंवा '१०डी' ने सुरू होणारा नंबर सापडला, तर शंकाच नको. अकरावा व्हॉल्व्ह निघाला, तर युद्धानंतर कुणीतरी स्पीकरसाठी ६व्ही६ हा आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह बसवला असणार. मूळ सेट फक्त हेडफोनवर चालायचा. अशी जोडणी काढून टाकू नका, तोही त्या सेटचा इतिहास आहे.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत मेणाच्या कागदी कंडेन्सरांची वाट लागते. माझ्या रत्नागिरीच्या सेटमध्ये मेण ओघळून चासीवर पिवळं थिजलं होतं, पितळी टोकांवर हिरवा थर. मी तो थर थिनरने पुसला आणि शेजारचा तपासणीचा शिक्काही पुसला गेला. ते अजून लागतं मनाला. तुम्ही आधी प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा.

कंडेन्सर तपासून झाले की व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्टचा हीटर आणि सुमारे २२० व्होल्ट एचटी (व्हॉल्व्हना लागणारा जास्त दाब) असा वेगळा सप्लाय बांधावा लागेल, तो जाणकारासोबतच बांधा. तोवर झाकण उघडून दहाही व्हॉल्व्हचे नंबर इथे लिहा.