75 रुपयांची आठ नाणी आणि सात दिवसांची मुदत

तुमचा प्रश्न मला असा समजला. नव्या संसद भवनाच्या 75 रुपयांच्या स्मारक नाण्याचे आठ प्रूफ पॅक (खास चकचकीत पाडलेल्या नाण्याची सीलबंद पाकिटं) तुम्ही एका डीलरकडून ऑनलाइन मागवले. संग्रहासाठी नव्हे, तर 'महिन्याभरात दीडपट' असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंत म्हणून. पाचव्या दिवशी तेच नाणं दुसरीकडे बऱ्याच स्वस्तात दिसलं. डीलरने दिलेली परतीची सात दिवसांची मुदत संपायला अजून दोन दिवस आहेत. आठही परत केली तर त्यात काही गैर आहे का? आणि कारण विचारलं तर 'डाग आहे' म्हणून सांगितलं तर चालेल का?

डागाचं आधी सांगतो. नाही चालणार. डाग नसेल तर डाग आहे म्हणू नका. हे मी साधू म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः हे करून बसलोय.

2010 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली, त्यानिमित्त 1000 रुपयांचं नाणं निघालं. भारतातलं पहिलं हजाराचं नाणं, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात नाणी जमवली नव्हती तेही विचारायला लागले. ते बाजारात आलं तेव्हा पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी एका डीलरकडून पाच घेतली. घरी सांगितलं, त्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख आहे, आपल्याकडे हे नाणं असायलाच हवं. शिलालेखासाठी एक पुरलं असतं. उरलेली चार कशासाठी होती ते बायकोला न सांगताही कळलं.

डीलर म्हणाला होता, "घरी नेऊन निवांत बघा साहेब, नाही पसंत पडलं तर आठवड्यात आणून द्या." तो हे ओळखीच्या सगळ्यांनाच म्हणायचा. त्याच आठवड्यात आणखी दोघांकडे माल आला आणि भाव नाण्यामागे दीडएक हजाराने उतरला. मी पाचही घेऊन त्याच्या दुकानी गेलो आणि म्हणालो, एकावर डाग दिसतोय, मन लागत नाही, सगळीच परत घ्या.

त्याने खिशातून घडीचं काळं भिंग काढलं. नाणं दिव्याखाली तिरकं धरून सावकाश गोल फिरवलं. मग दुसरं, मग तिसरं. पाचही झाली. "कुठला डाग म्हणालात?" मी बोट दाखवलं. त्याने कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, उघडली, नाणं फक्त कडेने दोन बोटांत धरून दुसऱ्या कॅप्सूलमध्ये बसवलं आणि जुनी कॅप्सूल माझ्यापुढे सरकवली. ओरखडा कॅप्सूलवर होता. "डाग हा," एवढंच म्हणाला आणि पाचही नाण्यांचे पूर्ण पैसे मोजून दिले. चहाही सांगितला. तो चहा मला अजून आठवतो, कारण तो संपेना.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, तिथे जरा बसावं लागेल.

परतीची मुदत कशासाठी असते ते आधी पाहू. प्रूफ नाणं म्हणजे आरसाच. खास चकचकीत केलेल्या साच्यांनी एकाहून जास्त वेळा ठोकून ते पाडतात, म्हणून सपाट भाग आरशासारखा आणि उठाव दुधाळ दिसतो. अशा नाण्यावर केसाएवढी रेघ असली तरी मोल उतरतं, आणि ती रेघ फोटोत दिसत नाही. त्यात 75 च्या नाण्यात चांदी निम्मीच आहे. वजन 35 ग्रॅम, त्यात 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. एवढं तांबं असलं की मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात नीट न ठेवलेलं नाणं कडेने पिवळट-तपकिरी व्हायला लागतं. म्हणून गिऱ्हाइकाने घरी नेऊन नीट पाहावं, खोट निघाली तर परत करावं, यासाठी ते सात दिवस. ते नाण्यात काही खोट आहे का हे बघायला असतात. आपला अंदाज चुकला का, हे बघायला नव्हे.

तुम्ही म्हणाल, त्याच्या साइटवर 'कारण विचारलं जाणार नाही' असं स्पष्ट लिहिलंय. लिहिलं असेल, आणि तो शब्द त्याने पाळला पाहिजे. नियमात तुम्ही बसता, त्याबद्दल वाद नाही. पण हाच व्यवहार त्याच्या बाजूने पाहा. भाव चढला असता तर तुम्ही आठही विकली असती आणि त्यातला एक रुपयाही त्याला दिला नसता, द्यायचं कारणही नव्हतं. भाव पडला तर मात्र ती त्याची. म्हणजे तुम्ही सात दिवस दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं उडवत होतात. काटा फक्त त्याच्या वाट्याला.

आणि ही पडझड खरोखर कुणाच्या तरी खिशातून जाते. माझ्या त्या डीलरने ते पुढे एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. त्याने तो माल वरच्या व्यापाऱ्याकडून पंधरा दिवसांच्या उधारीवर उचलला होता. वरच्याला चढा भाव द्यायचा, माझ्याकडून परत आलेला माल उतरत्या भावाने विकायचा. पाच नाण्यांवर साडेसात हजार. "तुमच्यासारखे तीन आले त्या आठवड्यात," असं तो म्हणाला. बाकीचे दोघे कोण ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

परत आलेलं प्रूफ नाणं त्याला आधीसारखं विकताही येत नाही, हा आणखी एक भाग. प्रत्येक नाणं पुन्हा भिंगाखाली धरावं लागतं, कारण चांगलं ठेवून घेऊन त्या जागी खराब पाठवणारे महाभागही असतात. पॅकचं सील उघडलं असेल तर पुढचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याची, तर गोष्टच वेगळी. एका गृहस्थाने घरी नेलेली शिवराई चिंच-मिठाने घासून लखलखीत करून परत आणलेली मी स्वतः पाहिली आहे. 'श्री राजा शिव' ही अक्षरं छान दिसावीत म्हणून घासली, असं त्याचं म्हणणं. साडेतीनशे वर्षांचा तो काळपट थर पाच मिनिटांत गेला. डीलर तिच्याकडे बघतच राहिला.

कायदा तुमच्या बाजूने आहे असं समजत असाल तर तेही जरा तपासा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेली असेल तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. 'मन बदललं' हे त्या यादीत नाही. तो विक्रेत्याने स्वतःहून दिलेला जास्तीचा शब्द असतो. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा ग्राहक धरलाच जात नाही. तुम्ही प्रश्नातच लिहिलंय की विकायला घेतली. म्हणजे या आठ नाण्यांपुरते तुम्ही ग्राहक नाही, छोटे व्यापारी आहात. आणि व्यापारी म्हटलं की तोटाही आपलाच.

मग परत कधी करावं? नाणं बनावट निघालं तर नक्की, आणि तिथे सात दिवसांचा हिशोब लावू नये. ओतीव नकली शिवराईचा पृष्ठभाग भिंगाखाली बारीक खड्ड्या-बुडबुड्यांचा दिसतो, कधी कडेला जोडाची रेघ सापडते. असं नाणं घेऊन वर्षाने गेलात तरी नावाला जपणारा डीलर पैसे देतो, या धंद्यातला हा जुना रिवाज आहे. सांगितलं प्रूफ आणि आलं साधं, परत करा. प्लॅस्टिकच्या हलक्या अल्बममध्ये राहून नाण्यावर हिरवट चिकट थर धरला असेल आणि ते फोटोत लपवलं असेल, परत करा. आणि एक नाणं मनापासून घेतलंत, हातात आल्यावर नाही भावलं, तर मुदतीत परत करण्यातही मला काही वावगं वाटत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेने चुकायची मुभा असावी. आठ एकाच जातीची घेणं ही हौस नव्हे, तो साठा.

एका बाबतीत मात्र माझं मत उलट जाईल. 'भाव दुप्पट होणार, आत्ताच घ्या' हे त्या डीलरनेच तुम्हाला सांगितलं असेल, चॅटमध्ये किंवा जाहिरातीत, तर तुमची आशा त्यानेच विकली आहे. मग पडलेल्या भावातला वाटा त्यानेही उचलायला हवा, आणि तुम्ही बेधडक परत करा. व्हिडिओ त्याचा नसून तिसऱ्याच कुणाचा असेल तर त्याला का भरडायचं? (अशा व्हिडिओंचं पीक किती आहे! वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना, 786 ची नोट लाखांना. 2021 च्या ऑगस्टमध्ये तर रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्हिडिओ थांबले नाहीत.)

भावाबद्दलही एक सांगून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. स्मारक नाणं निघालं की पहिल्या लाटेत ज्यांच्या हाती येतं ते चढ्या भावाने विकतात, कारण बाकीच्यांचं टाकसाळीकडचं बुकिंग अजून पोचलेलं नसतं. मग घरोघरी पाकिटं पोचतात, त्यातली बरीच बाजारात येतात आणि भाव खाली बसतो. तुमच्या नाण्यात धातू म्हणून भक्कम आहे ती साडेसतरा ग्रॅम चांदी. त्यावरची किंमत पेटीची, पाडणीच्या कामाची आणि घेणाऱ्याच्या उत्साहाची. त्यातला उत्साह लवकर ओसरतो. बाजारात तुरी म्हणतात तसं, नाणं टपालात असतानाच तुम्ही नफा मोजून ठेवलात, मीही तेच केलं होतं.

माझं पुढे काय झालं ते राहिलं. चारेक वर्षांनी मी 1939 चा रुपया शोधत होतो. सहाव्या जॉर्जचा, जुन्या कसाच्या चांदीतला शेवटचा, कारण 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. फार थोडे सापडतात आणि खोटे भरपूर फिरतात, त्यामुळे आधी घरी नेऊन दोन जाणत्यांना दाखवल्याशिवाय कुणी घेत नाही. त्याच डीलरकडे एक आला होता. मी विचारलं तसं त्याने मखमलीच्या डबीतून काढून दाखवलाही. मग म्हणाला, "तुम्हाला देईन. पण रोख, आणि बिलावर 'परत नाही' लिहून." माझ्या आधी आलेला एक जण तोच रुपया आठ दिवस घरी नेऊन आला होता, पावतीसुद्धा न करता. मी रुपया डबीत ठेवला आणि उठलो. आपलंच नाणं खोटं, त्याला काय बोल लावणार?

म्हणून तुम्हाला सुचवतो ते असं. परतीचा अर्ज भरू नका, डीलरला सरळ फोन करा. खरं कारण सांगा: विकायला घेतली होती, अंदाज चुकला. विचारा, किती परत घेणं जमेल, आणि टपालखर्च व भावातली थोडी घट सोसायची तयारी दाखवा. माझ्या अनुभवात बहुतेक जण अशा वेळी निम्मी तरी घेतात, नाहीतर दुसऱ्या नाण्यांत वळती करून देतात. तो सगळी घेतो म्हणाला तर द्या, मनाला लावून घेऊ नका, आता तो त्याने डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय आहे. नाही म्हणाला तर आठही तुमची. त्यातलं एक ठेवा, बाकीची सावकाश, हौशी माणसाला पडत्या भावात द्या.

आणि फोन करायच्या आधी पॅक मोजून बघा, किती उघडलेत. उघडलेल्या नाण्याला बोट लागलं असेल तर पुसू नका. रुमालाने पुसलंत की रेघा उठतात, आणि मग तुमच्या नाण्यावर खरोखरच डाग असेल. जे आहे ते तसंच फोनवर सांगून टाका.